गाडी घ्यावी की थांबावे?





दर अंकात या पानावर आम्ही अभ्यास, शिस्त, परीक्षा यांविषयी लिहितो. या वेळी मालवाहू गाडीच्या कर्जाविषयी लिहीत आहोत. मुख्याध्यापकाने ट्रकच्या हप्त्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या शाळेत हजेरी घेताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहिलेले असते ते आम्हाला ठाऊक आहे. कारखाना, मिल, टेम्पो. पुन्हा टेम्पो. भेस्तानच्या एका बाजूला पांडेसरा जीआयडीसी, दुसऱ्या बाजूला सचिन जीआयडीसी, आणि मधल्या रस्त्यावर दिवसरात्र कापड वाहते. लूमवरून ग्रे ताके उचलायचे, मिलमध्ये रंगाई-छपाईला द्यायचे, तयार माल रिंग रोडच्या मार्केटात पोहोचवायचा. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली आपली माणसे आधी लूमवर उभी राहिली, आणि त्यातले जे थोडे धाडसी होते ते पुढे स्टिअरिंगवर बसले.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास गाडीची चर्चा फारच वाढली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराशिवाय १० लाखांची गाडी आधी १२ लाख ८० हजारांना पडत होती, ती ११ लाख ८० हजारांना पडू लागली. सरळ एक लाखाचा फरक. शोरूमवाल्यांनी झेंडूच्या माळा लावल्या, फायनान्सवाल्यांची पोरे मोटारसायकलवर गल्लीगल्लीत फिरू लागली. त्याच दिवसांत आपले एक पालक (नाव लिहीत नाही, त्यांच्या परवानगीने एवढे लिहीत आहोत) कोटेशनचा कागद घेऊन ऑफिसात आले. त्यांचा मुलगा बारावी वाणिज्यला आहे. त्यांना आमच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे जामीनदार म्हणून आमची सही. दुसरी म्हणजे मुलाला दिवाळीनंतर वर्गातून सवलत, म्हणजे हजेरी लागावी आणि परीक्षेला त्याने बाहेरून बसल्यासारखे बसावे.

दुसरी गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली. आम्हाला मात्र तीच मोठी वाटली.

भाऊंकडे बारा वर्षांचा जुना टेम्पो आहे. गाडीला आठ वर्षे झाली की दरवर्षी पासिंग करावे लागते, त्यामुळे खर्च आणि खोळंबा दोन्ही वाढतात. मिलच्या मुकादमाने सांगितले होते, "मोठी गाडी आण, महिनाभर काम देतो." म्हणून जुना टेम्पो ठेवून एक चौदा फुटी नवी गाडी घ्यायची असा बेत होता. सगळे मिळून १८ लाख. तीन लाख हातचे, त्यात एक लाख भिशीचे आणि दोन लाख वहिनींच्या दागिन्यांवर उचलायचे. उरलेल्या १५ लाखांचे कर्ज, चार वर्षांसाठी, 'फक्त सहा टक्के' दराने. नवी गाडी भाऊ चालवणार आणि जुना टेम्पो मुलगा.

कर्ज काढणेच वाईट, असे आम्ही त्यांना सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. कर्जाच्या गाडीवरच उभी राहिलेली घरे आम्ही या भेस्तानमध्ये पाहिली आहेत. २००५ साली टाटांनी 'एस' ही छोटी गाडी काढली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती हे नाव दिले. तेव्हा हातगाडी आणि तीनचाकी ओढणाऱ्या कितीतरी जणांनी हप्त्यावर ती घेतली. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील त्यांतलेच. आज त्यांच्या दारात चार गाड्या आहेत आणि मुलगी बँकेत अधिकारी आहे. न घेण्यातही धोका असतो. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली, माल दोनदा उशिरा पोहोचला, की मुकादम तिसऱ्यांदा फोन करत नाही.

पण दुसरेही पाहिले आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटीच्या विरोधात कापड मार्केट कितीतरी दिवस बंद राहिले, तेव्हा गाड्या उभ्या होत्या आणि हप्ते चालू होते. २०२० च्या टाळेबंदीत तर उधना-सचिन रस्त्याच्या कडेला टेम्पोंची रांगच लागली होती. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुष्कळांना वाटले हप्ते माफ झाले. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. एका घराची गाडी त्यानंतर उचलून नेली. त्या घरातला नववीचा मुलगा महिनाभर शाळेत आला नाही. गाडी कुणी नेली, कशी नेली, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. मात्र पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की ट्रकच्याच कर्जाच्या एका प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, गुंड पाठवून वसुली करता येत नाही, कायद्याच्या मार्गानेच करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडवरच्या शिवशक्ती मार्केटला आग लागली तेव्हा व्यापाऱ्यांचे नुकसान सर्वांना दिसले. त्या दुकानांचा माल वाहणाऱ्यांचा विचार कुणी फारसा केला नाही.

तर भाऊंना आम्ही म्हटले, "सहीचे नंतर पाहू. आधी हिशेब फळ्यावर मांडू." मुलालाही बोलावले आणि खडू त्याच्याच हातात दिला.

प्रथम ते 'फक्त सहा टक्के'. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे भांडवलाला आमच्या तोंडी अजून 'पूँजी' येते. पण ब्याज म्हणा की व्याज, गणित तेच. सहा टक्के हा फ्लॅट दर होता. म्हणजे १५ लाखांवर वर्षाला ९० हजार, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. मुद्दल धरून १८ लाख ६० हजार, भागिले ४८ महिने, हप्ता ३८,७५० रुपये. पोराने उत्तर चटकन काढले. मग आम्ही विचारले, "शेवटच्या वर्षी तुझ्या बाबांकडे १५ लाख बाकी असतील का?" तो थांबला. तीन वर्षांत बहुतेक मुद्दल फिटलेले असते, तरी फ्लॅट दरात व्याज पूर्ण १५ लाखांवरच लावलेले असते. बँका जो घटत्या बाकीवरचा दर सांगतात त्या पद्धतीने हाच हप्ता काढला तर दर सुमारे ११ टक्के निघतो. कागदावरचे सहा आणि बँकेच्या पाटीवरचे अकरा हे एकच. म्हणून 'बँक महाग, फायनान्स स्वस्त' असे जे आपल्याकडे सर्रास बोलले जाते ते पारखून घ्यावे.

यावर आता चांगली सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक व लघुउद्योगाच्या मुदत कर्जासाठी, बँक असो की फायनान्स कंपनी, कर्जदाराला मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यावेच लागते. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, विम्याचे पैसे असे सगळे मिळून वर्षाला खरा किती टक्के खर्च पडतो तो आकडा असतो. त्याला एपीआर म्हणतात. पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. भाऊंना असे पत्रक कुणी दिले नव्हते, आणि त्यांनी मागितलेही नव्हते. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून फक्त एपीआरचा आकडा वाचायचा. एवढे आठवीच्या मुलालाही जमते.

नंतर महिन्याचा हिशेब. हा भाऊंनी वहीच्या पानावर आधीच केला होता. नव्या गाडीचे भाडे १,१०,००० धरले होते. डिझेल ४०,०००, क्लीनर १०,०००, टायर-सर्व्हिस ७,०००, विम्याचा महिन्याचा वाटा ५,०००, आरटीओ-टोल-पार्किंग २,०००. शिल्लक ४६,०००. हप्ता वजा जाता ७,२५० उरत होते. जुन्या टेम्पोचे सर्व खर्च जाऊन घरात आज २५,००० येतात, म्हणजे पुढे ३२,२५० येणार. वर चार वर्षांनी गाडी आपली. कागद पाहून कुणीही हो म्हणाले असते.

त्या पानावर ड्रायव्हरचा पगार नव्हता. आम्ही मुलाला म्हटले, "एक ओळ राहिली आहे, लिही." आज टेम्पो भाऊ स्वतः चालवतात. उद्या दोन गाड्या झाल्या की दुसऱ्या चालकाचे १८,००० द्यावे लागतील. ते धरले की ३२,२५० चे १४,२५० होतात. नवी गाडी दारात उभी, आणि घरात आजच्यापेक्षा १०,७५० रुपये कमी. मोठ्या गाडीचे सगळे गणित त्या पोराच्या बिनपगारी मेहनतीवर उभे होते, आणि तो आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. त्याने लिहिला आणि खडू खाली ठेवला. भाऊ बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले.

आम्ही असे समजत होतो की मुलगा सुटला म्हणून खूश होईल. तसे झाले नाही. तो म्हणाला, "सर, मला गाडी आवडते. शिकूनसुद्धा मला हाच धंदा करायचा आहे." बोलणे प्रामाणिक होते. टेम्पो चालवणे हे कमी प्रतीचे काम आहे असे या शाळेत आम्ही कधी शिकवलेले नाही, त्यामुळे त्याला तसे उत्तर देता येत नव्हते. म्हणून कायदाच सांगितला. मोटार वाहन कायद्याप्रमाणे वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मालवाहतुकीची गाडी चालवता येत नाही. अठराव्या वर्षी मिळते ते घरगुती गाडीचे लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते असा निकाल दिला आहे हे खरे, पण वयाची अट त्याने जात नाही. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून कोंडाईबारीच्या घाटात सोडा, पांडेसऱ्याच्या चौकात जरी अपघात झाला, तरी विमा कंपनी पहिला प्रश्न वयाचा काढेल. मग टेम्पो, नवी गाडी, घर, सगळेच पणाला. हे भाऊंना माहीत नव्हते असे नाही. "सगळेच चालवतात, सर," असे ते म्हणाले. आपल्या भागात हे वाक्य फार ऐकू येते.

आता आमच्या सहीविषयी. जामीनदार म्हणजे फक्त ओळखीचा साक्षीदार, असा समज आपल्या समाजात आहे. १८७२ चा करार कायदा तसे म्हणत नाही. कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर वसुलीला आधी कर्जदाराकडे आणि मग आमच्याकडे असा क्रमही नसतो. १५ लाखांच्या कागदावर सही म्हणजे आमच्या निवृत्तीच्या पैशांवर सही. आमच्या विश्वस्तांपैकी एक जण स्वतः वाहतुकीच्या धंद्यात आहेत, त्यांच्याकडे विषय काढला. ते म्हणाले, "काम असेल तर गाडी घ्यावी. गाडी आहे म्हणून काम शोधत फिरू नये. मुकादमाला म्हणावं, दे लिहून." भाऊंनी मुकादमाला विचारले. मुकादम हसला, चहा पाजला, आणि लिहून काही दिले नाही.

पैसे कधी मिळणार हाही प्रश्न होता. कापडाच्या धंद्यात भाडे हातोहात मिळत नाही, शेठ दोन-दोन महिने लावतात. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. उद्यम पोर्टलवर नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. नोंदणी फुकट आहे, ती मुलाने त्याच आठवड्यात करून दिली. शेठपुढे कायद्याचा कागद ठेवण्याची हिंमत भाऊंना होईल असे आम्हाला वाटत नाही, पण बिलावर उद्यम नंबर असला की काही ठिकाणी फरक पडतो म्हणतात.

या सगळ्यात उपाय काढला तो वहिनींनी. त्या घरी साड्यांवर टिकल्या लावण्याचे, धागे कापण्याचे काम करतात आणि घराची वही त्यांच्याच हातात आहे. त्या शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सर, मोठी गाडी नको. जुना टेम्पो विकून त्याच्याच जागी लहान नवी घेतली तर? चालवणारे हेच, दुसरा ड्रायव्हर नको." आम्ही पुन्हा मुलाला बसवले. सहा लाखांचे कर्ज, तीच चार वर्षे, तोच दर, हप्ता १५,५००. शिवाय ज्या गाडीचे भरल्या मालासह वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला परमिट लागत नाही, तोही खर्च वाचतो. मुद्रा योजनेत मालवाहू गाडीसाठी तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. २०१५ साली ती सुरू झाली तेव्हा मर्यादा दहा लाखांची होती, म्हणजे सहा लाख त्यात सहज बसतात. दागिने घरातच राहिले.

तरी आम्ही एक अट घातली. गाडी न घेताच हप्ता सुरू करायचा. दर महिन्याच्या ५ तारखेला १५,५०० रुपये बँकेत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पासबुक आम्हाला दाखवायचे. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा सीझन जोरात होता, पूर्ण भरले. दिवाळीत कारागीर गावी गेले, मार्केट लाभपाचमीला उघडले तरी मिलला जोर यायला वेळ लागला. नोव्हेंबरमध्ये सहाच हजार. डिसेंबरमध्ये लग्नसराई, पूर्ण. जानेवारीत जुन्या टेम्पोचा गिअरबॉक्स गेला, अकरा हजार. चार महिन्यांचे ६२,००० व्हायला हवे होते, ४८,००० झाले.

भाऊ पासबुक घेऊन आले तेव्हा थोडे खजील दिसले. आम्हाला ते पासबुक फार मोलाचे वाटले. कोणत्या महिन्यात पाय घसरतो ते त्यात आकड्यांत दिसत होते. नवी गाडी असती तर जानेवारीचा गिअरबॉक्स नसता, पण नोव्हेंबर दरवर्षी येणारच. म्हणून ठरले असे, की ते ४८,००० डाऊन पेमेंटमध्ये घालायचे नाहीत. तीन हप्त्यांएवढी ती रक्कम तशीच राहू द्यायची आणि फक्त नोव्हेंबरसारख्या महिन्यात तिला हात लावायचा. डाऊन पेमेंट भिशीच्या एक लाखातून आणि टेम्पो विकून येईल त्यातून. हप्त्याची तारीख ५ ऐवजी २० मागून घ्यायची, कारण मिलचे पैसे येतात ते साधारण १५ नंतर.

बँकेने जामीनदार मागितला तर या सहा लाखांच्या कागदावर आम्ही सही करू असे भाऊंना सांगितले आहे. घरी विचारून सांगितले आहे. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "मुलगा परीक्षेला बसणार ना?"

कर्ज फेडून झाले की बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्यावा, हेही येथे नोंदवून ठेवतो. पैसे फिटून वर्षे झाली तरी बुकात फायनान्सचे नाव तसेच, अशी दोन-तीन पुस्तके आम्ही पालकांकडे पाहिली आहेत. गाडी विकायच्या वेळी त्यांची धावपळ होते.

मुलाची हजेरी फेब्रुवारीपर्यंत नियमित होती. सवलत दिली नाही आणि त्याने पुन्हा मागितलीही नाही. बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत नवी गाडी घ्यायची नाही असे घरात ठरले आहे. दोन बँकांकडून पत्रके मागवली आहेत. एकाचे आले आहे, दुसऱ्याची वाट पाहत आहेत. ज्या पालकांना असा हिशेब मांडायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात यावे. कोटेशन आणावे, खर्चाची वही आणावी, आणि घरातल्या बाईमाणसाला बरोबर आणावे.

आपले,
मुख्याध्यापक